नाताळात कांदावूच्या गावी पाहुणे म्हणून जाताना

ऑकलंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात: ‘आम्ही मूळचे साताऱ्याचे. मी येथील एका वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्ट आहे. माझी फिजीची सहकारी मैत्रीण दर नाताळला कांदावू बेटावरच्या आपल्या माहेरी जाते. या वर्षी तिने मला, माझ्या पतींना, अकरा वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना नाताळपासून नववर्षापर्यंत तिच्या गावी राहायला बोलावले आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि रोजची पूजा त्या चुकवत नाहीत. चर्चमध्ये बसावे लागेल का, ते कावा नावाचे पेय घ्यावे लागेल का, भारतीय म्हणून आमच्याकडे कसे पाहिले जाईल, अशा शंका मनात आहेत. यजमानांवर भार पडू नये म्हणून जवळपासच्या हॉटेलात उतरावे आणि निघताना पाकिटात पैसे द्यावेत, असे पतींचे म्हणणे आहे. प्रत्येक घरासाठी चांदीचा मुलामा दिलेली गणपतीची लहान मूर्ती न्यावी, असे मला वाटते. आपला सल्ला हवा आहे.’

सप्रेम नमस्कार,

हॉटेल आणि पाकीट यांचा मुद्दा मी आधी घेते, कारण बाकीच्या बऱ्याच शंका त्यालाच जोडलेल्या आहेत. भार पडेल ही तुमच्या पतींची काळजी अगदी रास्त आहे. डिसेंबरच्या शेवटी फिजीची राजधानी सुवा, नांदी, ऑकलंड, सिडनी अशा सर्व ठिकाणी पांगलेली मंडळी गावी परततात, एकेका घरात चटया अंथरून दहा-पंधरा माणसे झोपतात आणि चर्चची वर्गणी, मेजवान्या व पाहुणचार यांचा खर्च एकाच पंधरवड्यात येऊन पडतो. त्यामुळे तुम्ही चौघे गेल्याने खर्च वाढणार नाही, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र त्यावर त्यांनी सुचवलेले दोन्ही उपाय चुकीचे आहेत. फिजीच्या खेड्यात पाहुणा एखाद्या घराचा पाहुणा म्हणूनच गावात शिरतो. त्याच्या वागण्याचे श्रेय आणि दोष दोन्ही त्या घराच्या नावावर जमा होतात. अशा वेळी तुम्ही हॉटेलात उतरलात, तर तुमच्या मैत्रिणीच्या आईला शेजारणींना काय सांगावे हा प्रश्न पडेल. आणि शेवटच्या दिवशी पाकीट पुढे केलेत, तर आठवडाभराच्या पाहुणचाराची पावती फाडल्यासारखे होईल. मदत जरूर करा, पण ती पोहोचल्याबरोबर करा, वस्तूंच्या रूपाने करा आणि मैत्रिणीला विचारून करा.

तिला विचारून एक यादी तयार करा आणि सुवा सोडण्यापूर्वी तिथल्या दुकानातून खरेदी करा. मैदा, साखर आणि तांदूळ यांची मोठी पोती, खाद्यतेल, चहा, दूध पावडर, डबाबंद मासे, कपड्यांचा साबण, काडेपेट्या अशा वस्तू बेटावर महाग पडतात, कारण त्या सर्व बोटीने येतात. सासूबाई शाकाहारी असताना डबाबंद मासे द्यायचे का, हा निर्णय तुमचा. न दिल्यास कोणी काही म्हणणार नाही. हे सामान घरातल्या कर्त्या बाईच्या हाती पहिल्याच दिवशी सोपवावे आणि त्याचा पुन्हा उल्लेख करू नये. शिवाय भेट म्हणून काही न्यायचेच असेल, तर घट्ट झाकणाचे मोठे स्टीलचे डबे न्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत साखर-मीठ कोरडे राहण्यासाठी त्यांच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. गणपतीच्या मूर्ती मात्र घरीच ठेवा. तुमचा भाव मला समजतो, परंतु ज्या घरांत देव्हाऱ्याची प्रथा नाही आणि ज्यांच्या धर्माला मूर्तिपूजा मान्य नाही, तिथे तुमची भेट नाकारणे त्यांना अवघड जाईल आणि ठेवून घेणे त्याहून अवघड. मद्यही नेऊ नका.

गावात पाऊल ठेवल्यावर पहिले काम सेवूसेवूचे. यांगोना, म्हणजे ज्याला बाहेरचे लोक कावा म्हणतात त्या झुडपाच्या वाळलेल्या मुळांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवून गावात राहण्याची परवानगी मागायची, असा हा विधी आहे. साधारण अर्धा किलो मुळांची जुडी रीतीला धरून असते. ती सुवाच्या बाजारात वर्तमानपत्रात बांधून मिळते. दळलेली पूड घेऊ नका, अखंड मुळेच घ्या. कांदावूची यांगोना साऱ्या फिजीत नावाजलेली आहे, त्यामुळे हे म्हणजे देवगडला हापूसची पेटी नेण्यासारखे आहे असे तुम्हाला वाटेल. पण इथे मालाच्या नवलाईला नव्हे, हात जोडून दारात उभे राहण्याला महत्त्व असते. तुमच्या वतीने बोलायचे काम मैत्रिणीच्या घरातला कोणी वडीलधारा पुरुष करील. जुडी पुढे ठेवली जाते, पलीकडून कोणी ती स्पर्श करून स्वीकारतो, दोन्ही बाजूंनी लांबलचक औपचारिक भाषणे होतात आणि मध्ये मध्ये पोकळ हातांच्या टाळ्या वाजतात. तुम्ही मांडी घालून शांत बसा, एवढेच तुमचे काम. एकदा सेवूसेवू स्वीकारला गेला की तुम्ही त्या गावचे होता, म्हणजे तुमच्या सुरक्षिततेची जबाबदारी गावाची आणि गावचे नियम पाळण्याची जबाबदारी तुमची.

त्यानंतर बहुधा तानोआ, म्हणजे पाय असलेले मोठे लाकडी पात्र, मध्यभागी ठेवून यांगोना पाण्यात कालवली जाते. ती दारू नव्हे. चव मातकट व कडवट असते, ओठ आणि जीभ थोडा वेळ बधिर होतात, अंग सैलावते. नारळाच्या करवंटीचा प्याला, ज्याला बिलो म्हणतात, तुमच्यापुढे आला की एकदा टाळी वाजवायची, प्याला दोन्ही हातांनी घ्यायचा, ‘बुला’ म्हणून एका दमात रिकामा करायचा, परत द्यायचा आणि तीन टाळ्या वाजवायच्या. घोट घोट घेत बसू नये. पहिला प्याला सहसा नाकारू नये, पण थोडीच द्या असे आधी सांगता येते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पुढचे प्याले नम्रपणे नाकारलेले चालतात. नाताळच्या दिवसांत या बैठका मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात, तेव्हा तुमच्या पतींना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. सासूबाई नियमित औषधे घेत असतील, तर त्यांनी यांगोना न घेणेच बरे, कारण यकृतावर परिणाम करणाऱ्या आणि गुंगी आणणाऱ्या औषधांबरोबर ती घातक ठरू शकते. ‘औषध चालू आहे’ एवढे कारण कोणत्याही गावात पुरते.

आता चर्चबद्दल. मेथडिस्ट धर्मप्रसारक १८३५ मध्ये लाउ द्वीपसमूहातील लाकेम्बा बेटावर उतरले आणि पुढच्या काही दशकांत फिजीतील मूळ रहिवाशांची गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. आज नाताळचा सारा दिनक्रम चर्चभोवती फिरतो. लाली नावाच्या लाकडी नगाऱ्याचा आवाज आला की मंडळी निघतात. तुम्हाला सक्ती कोणी करणार नाही, परंतु घरातले सर्व जण नटूनथटून निघाले असता पाहुण्यांनी मागे चटईवर लोळत राहणे बरे दिसणार नाही, म्हणून माझे मत असे की नाताळच्या सकाळी आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या प्रार्थनेला तुम्ही जावे. वाद्याविना, चार वेगवेगळ्या पट्ट्यांत, अख्खे गाव मिळून गाते ते ऐकण्यासाठी तरी जावेच. इतर उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. पवित्र भाकर आणि द्राक्षरस घेण्यासाठी पुढे जाऊ नका, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि तुम्ही जागेवर बसून राहिलात तर त्यात अनादर नाही. दानासाठी थोडे पैसे न्या, मात्र यजमान जेवढे घालतात त्यापेक्षा जास्त घालू नका. काही गावांत कोणी किती दिले हे मोठ्याने वाचून दाखवतात, आणि पाहुण्यांचा आकडा यजमानांच्या वर गेला तर त्यांची पंचाईत होते.

सासूबाईंची पूजा अडणार नाही. पहाटे उठून, आपल्या अंथरुणाशी बसून, मनातल्या मनात किंवा हलक्या आवाजात त्यांनी नित्यनेम करावा. ज्या समाजात जेवणापूर्वी, प्रवासापूर्वी आणि झोपण्यापूर्वी प्रार्थना होते, तिथे प्रार्थना करणाऱ्या म्हातारीकडे आदरानेच पाहिले जाते. उदबत्ती, निरांजन मात्र नको. चटया, पडदे आणि कागदी सजावट यांनी भरलेल्या घरात आगीची भीती खरी असते. मैत्रिणीला एक गोष्ट आताच विचारा, की तिचे गाव मेथडिस्ट आहे की सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट. दुसऱ्या प्रकारच्या गावात विश्रांतीचा वार रविवार नसून शनिवार असतो, डुकराचे मांस वर्ज्य असते आणि यांगोनाही सहसा पीत नाहीत, त्यामुळे वर लिहिलेले बरेच काही बदलेल. वार कोणताही असो, त्या दिवशी पोहणे, खेळणे, कपडे धुणे, आरडाओरडा हे सर्व बंद असते, हे मुलाला आधीच समजावून ठेवा.

जेवणाची काळजी तुम्ही करता त्यापेक्षा कमी आहे, कारण त्या स्वयंपाकघरातला निम्मा माल सासूबाईंच्या ओळखीचा निघेल. दालो म्हणजे आपल्या अळूचा कंद आणि त्याच्या पानांची नारळाच्या दुधात शिजवलेली भाजी म्हणजे रोउरोउ. घसा खवखवू नये म्हणून पाने चांगली शिजवावी लागतात, हेही दोन्हीकडे सारखेच. ताविओका म्हणजे तो कंद, ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात. उपवासाच्या दिवशी सासूबाईंना तो उकडून खाता येईल. उतो म्हणजे कोकणातला नीरफणस. याखेरीज रताळी, केळी, पपया असतात आणि डिसेंबरात आंबे व अननसही येतात. अडचण दोन ठिकाणी येते. पालुसामी नावाचा पदार्थ अळूच्या पानांत नारळाचे दूध बांधून करतात, पण त्यात बहुतेक वेळा डब्यातले गोमांस घातलेले असते. रोउरोउमध्येही कधी कधी डब्यातला मासा पडतो. दुसरी अडचण लोवोची. नाताळची मुख्य मेजवानी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात होते: लाकडे जाळून दगड लाल तापवतात, त्यावर नारळाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत व पानांत गुंडाळलेले डुक्कर, कोंबडी, मासे आणि कंद रचतात, वरून केळीची पाने, पोती व माती घालून दोन-तीन तास ठेवतात. म्हणजे दालो आणि मांस एकाच वाफेत शिजतात. सासूबाईंना ते चालेल का, हे त्यांच्याशी निघण्यापूर्वी बोला आणि चालणार नसेल तर त्यांचे कंद चुलीवर वेगळे उकडावेत, असे मैत्रिणीकरवी आधीच कळवा. आयत्या वेळी ताट मागे सारणे सर्वांनाच जड जाते.

पंगतीची एक रीत मुद्दाम सांगते. जेवण जमिनीवर अंथरलेल्या लांब कापडावर मांडतात आणि पाहुण्यांना व वडीलधाऱ्यांना आधी बसवतात. घरातली एखादी मुलगी शेजारी बसून पंख्याने माश्या वारते, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया व मुले मागाहून जेवतात. ताटे भरभरून समोर येतात ती सर्व संपवण्यासाठी नसतात. तुम्ही उचलून ठेवलेल्या चांगल्या तुकड्यांवर मागची पंगत अवलंबून असते. तेव्हा पोटभर जेवा, पण भांड्याचा तळ दिसू देऊ नका. एखाद्या दिवशी चुलीचा ताबा मागून सासूबाईंनी पोळ्या किंवा पुऱ्या कराव्यात, असे मी सुचवते. फिजीत रोटी आणि रस्सा हे सर्वांचेच रोजचे खाणे झाले आहे, त्यामुळे परातीभोवती गर्दी होईल आणि पाहुण्या म्हणून बसून राहण्याचा त्यांचा अवघडलेपणाही जाईल. घरून चिवडा-चकली नेणार असाल तर विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करा. जाताना आणि ऑकलंडला परतताना, दोन्ही वेळा.

भारतीय म्हणून कसे पाहिले जाईल, या प्रश्नाचे उत्तर जरा काळजीपूर्वक द्यायला हवे. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीयांना ऊसमळ्यांवर राबण्यासाठी करारावर फिजीत आणले गेले. हाच तो गिरमिटाचा इतिहास. त्यांचे वंशज आणि मूळ रहिवासी यांच्यातील जमीन व सत्तेचा ताण १९८७ आणि २००० च्या सत्तांतरांत उफाळून आला. मे २०२३ मध्ये मेथडिस्ट चर्चने भारतीय वंशाच्या समाजाची जाहीर क्षमा मागितली आणि १९८७ चे बंड करणारे व त्या वेळी पंतप्रधान असलेले सितिवेनी राबुका यांनीही त्याच समारंभात क्षमा मागितली. तुमच्याशी या इतिहासाचा थेट संबंध नाही, पण तुमचा चेहरा पाहून पहिल्या दिवशी कोणी तुम्हाला तिथलेच भारतीय समजेल, दोन वाक्ये फिजी हिंदीत बोलून पाहील. हसून उत्तर द्या. जमीन कोणाची, सत्ता कोणाची हे विषय तुमच्या पतींनी तानोआभोवतीच्या बैठकीत आपणहून काढू नयेत. कोणी वडीलधाऱ्याने काढले तर ऐकून घ्यावे. आपल्याकडच्या लोकांना परदेशी राजकारणावर तत्काळ मत देण्याची जी हौस असते, ती त्या आठवड्यात आवरावी.

कपड्यांबाबत थोडक्यात: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, गावात टोपी व काळा चष्मा नको, घरात शिरताना चपला बाहेर. सलवार-कमीज उत्तम, चर्चला साडी नेसलात तर बायका कौतुकाने पदर चाचपून पाहतील. कोणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही. आपल्याकडे प्रेमाने डोक्यावरून हात फिरवतात, तिथे तो अपमान ठरतो. बसलेल्या माणसांमधून जाताना वाकून, हलकेच ‘तुलोउ’ म्हणत जायचे असते. सासूबाईंना मांडी जमणार नाही आणि लोकांकडे पाय पसरून बसणे अशिष्ट मानतात. त्यांनी भिंतीला टेकून, पाय एका बाजूला वळवून, त्यावर एखादे कापड टाकून बसावे, आणि तेही जमत नसेल तर मैत्रिणीने आधी दोन शब्द सांगून खुर्ची मागून घ्यावी. कोणाच्या चटईची किंवा दागिन्याची फार तोंडभरून स्तुती करू नका, नाहीतर ती वस्तू तुमच्या हाती पडेल. उलट, कोणी तुमच्या मुलाचा चेंडू सहज मागेल. त्यांच्या समाजात आपल्या माणसाकडे वस्तू मागणे ही रीत आहे, तिला केरेकेरे म्हणतात, आणि त्यात भीक किंवा आगाऊपणा नसतो. ज्याची ताटातूट सोसणार नाही अशी वस्तू मुलाने नेऊच नये.

मुलाची मात्र चंगळ आहे. पोरे बांबूच्या नळकांड्यात रॉकेल घालून तोफा उडवतात. त्याने त्या लांबून पाहाव्यात, कारण भुवया जळणे हा त्यातला नेहमीचा प्रकार आहे. नववर्षाच्या दिवसांत दिसेल त्याला बादलीभर पाण्याने भिजवतात, नाचणाऱ्यांच्या तोंडाला पावडर फासतात, आणि पाहुण्यांना सूट नसते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. समुद्रात त्याने एकट्याने उतरू नये आणि किनाऱ्यावरचे काही गोळा करण्याआधी विचारावे, कारण गावासमोरचा समुद्र गावाच्या वहिवाटीचा असतो.

राहता राहिला प्रवास. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा काळ. ‘यासा’ वादळ १७ डिसेंबर २०२० रोजी वानुआ लेवू बेटावर आदळले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘हॅरोल्ड’ने कांदावूची मोठी हानी केली. म्हणून परतीचे विमान नववर्षाच्या लगेच दुसऱ्या दिवसाचे काढू नका. बेटावरून सुवाला पोहोचणे आणि ऑकलंडचे विमान यांत निदान दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, कारण समुद्र खवळला तर बोट सुटत नाही आणि कांदावूवरच्या वुनिसेया येथील लहान धावपट्टीवर उतरणारी छोटी विमानेही रद्द होतात. या पंधरवड्यात बोटींची तिकिटे लवकर संपतात, तेव्हा ती आताच काढा. वुनिसेयाहून पुढे गावापर्यंत बहुधा उघड्या होडीतून जावे लागेल. चौघांसाठी जीवरक्षक जाकिटे स्वतःची न्या. फिजीत मलेरिया नाही, पण पावसाळ्यात डेंग्यू असतो, म्हणून मच्छरदाणी आणि डास पळवणारे मलम हवे. सासूबाईंची औषधे दुप्पट दिवसांची बांधा आणि अर्धी हातातल्या पिशवीत ठेवा. होडीत चढणे-उतरणे गुडघाभर पाण्यातून होते हे त्यांना आज स्पष्ट सांगा आणि जायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

यांगोनाच्या जुड्या दोन घ्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दुसरी जुडी पुढे ठेवून निरोप मागायचा असतो आणि मैत्रिणीच्या घरातला तोच वडीलधारा तुमच्या वतीने बोलतो. त्या वेळी तुमच्या पतींनी मराठीत चार वाक्ये बोलली तरी चालतील, मैत्रीण आशय सांगेल. पाकीट मात्र खिशातच राहू द्या. ते पैसे मैत्रिणीला ऑकलंडला परतल्यावर, शाळा उघडण्याच्या सुमारास, तिच्या घरच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी पाठवायला द्या.